ताटाशेजारचा फोन : प्रकल्प नोंदी, कोल्हापूर

2 जानेवारी 2025

विषय नक्की झाला. बाहेरगावाहून कोल्हापुरात शिकायला, स्पर्धा परीक्षांची तयारी करायला किंवा नोकरीला आलेली 18 ते 25 वयाची मुलंमुली जेवताना मोबाईल कसा वापरतात, हे बघायचं. घरी राहणारी मुलं मुद्दाम वगळली. घरात आईचं ओरडणं असतं, टीव्ही असतो, भावंडं असतात, त्यामुळे फोनचा परिणाम वेगळा काढता येत नाही. मेसमध्ये माणूस, ताट आणि फोन एवढंच उरतं.

मार्गदर्शक सरांनी एकच ताकीद दिली: "मुलं बिघडलीत हे सिद्ध करायला निघाला असाल तर आत्ताच थांबा. ते सगळ्यांना आधीच पटलेलं आहे." ही ताकीद वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.

जागा ठरल्या: राजारामपुरीतली एक मेस, विद्यापीठ रस्त्यावरची दुसरी, आणि मंगळवार पेठेतली एक जुनी खाणावळ. मुलींच्या मेसचं काम प्रकल्पातली माझी सहकारी बघणार. पद्धत साधी आहे. दर पाच मिनिटांनी एका टेबलावर नजर टाकायची आणि प्रत्येकासाठी तीनपैकी एक खूण करायची: फोन हातात, फोन ताटाजवळ, फोन दिसत नाही. नावं लिहायची नाहीत, फोटो काढायचे नाहीत, पडद्यावर काय चाललंय हे डोकावून बघायचं नाही. त्यासाठी नंतर विचारायचं, आणि तेही कुणी तयार असेल तरच. तिन्ही ठिकाणच्या मालकांची परवानगी घेतली.

4 जानेवारी

वही घेऊन कोपऱ्यात बसून जमणार नाही. राजारामपुरीत पोरांनी वही बघितली आणि फोन खिशात गेले. एक जण तर पाठ सरळ करून शाळेत बसल्यासारखा बसला. आपल्याकडे कुणी बघतंय हे कळलं की माणूस बदलतो, आणि निरीक्षणाच्या कुठल्याही कामात ही अडचण येतेच. यापुढे मीही ताट घेऊन बसणार आणि खुणा जेवण झाल्यावर कागदावर उतरवणार. आपण काय करतोय हे विचारलं तर खरं सांगणार.

5 जानेवारी, रविवार

दुपारी मटण. आजचं दृश्य कालच्यापेक्षा इतकं वेगळं की आधी मला माझ्याच खुणांची शंका आली.

तांबडा-पांढरा असला की फोन बाजूला जातो. याचं एक कारण हातात आहे. एरवी उजव्या हातानं चपातीचा तुकडा मोडता येतो आणि डावा हात पडद्यावर फिरत राहतो. मटणाच्या दिवशी नळी धरायची, हाडाचं मांस सोडवायचं, मध्येच पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावायची. दोन्ही हात गुंततात आणि बोटं तेलकट होतात. दोघातिघांनी फोन पाण्याच्या जगाला टेकवून उभे केले होते, पण रस्सा वाढायला माणूस आला की जग उचलावा लागायचा आणि फोन आडवा पडायचा.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रविवारी वाढायला माणूस फिरतो. "तांबडा घालू काय?" "पांढरा आणू?" "भाकरी मोडली न्हाईस अजून?" दर दोन मिनिटांनी कुणीतरी तोंडाकडं बघून काहीतरी विचारतं, आणि त्याला उत्तर द्यायला मान वर करावी लागते. एकदा मान वर झाली की समोरचा दिसतो. मग "रस्सा आज तिखट झालाय" एवढ्यावरून बोलणं सुरू होतं.

इतर दिवशी भाजी आणि आमटीची पातेली टेबलाच्या टोकाला मांडलेली असतात. ज्यानं त्यानं वाढून घ्यायचं.

संध्याकाळी मेस बंद. रविवारी सगळीकडे हेच. पोरं मिसळ, वडा किंवा अंडा-पाव खाऊन झोपतात.

7 जानेवारी

साधं जेवण: चपाती, वांग्याची भाजी, आमटी, भात. बहुतेकांचा फोन हातात होता. बोलणं जवळजवळ नाही. सरासरी जेवण पंधरा मिनिटांत उरकलं.

राजारामपुरीच्या मेसमालकांशी बोललो. सगळे त्यांना मामा म्हणतात. ते म्हणाले, "आधी भिंतीवर टीव्ही हुता. सगळ्यांची तोंडं एकाच पडद्याकडं. मॅच असली आन् कोण औट झाला की सगळी मेस वरडायची. भांडणं बी व्हायची च्यानेलवरनं. आता टीव्ही काढला, कोण बघतच न्हाई." टीव्ही काढला तो 2017 च्या सुमारास, असं त्यांना आठवतं. जिओ सुरू झालं सप्टेंबर 2016 मध्ये आणि स्वस्त डेटा प्रत्येकाच्या खिशात आला, त्याच्याशी हे जुळतं.

मामांच्या बोलण्यातली एक गोष्ट मी अधोरेखित केली. टीव्हीसुद्धा लक्ष खेचायचाच, पण सगळे एकच गोष्ट बघत होते. त्यावर बोलता यायचं, भांडता यायचं. आता शेजारी बसलेल्या चौघांपुढे चार वेगळे पडदे आहेत, आणि एकाला हसू आलं तर ते कशाचं हे बाकीच्या तिघांना कळत नाही.

10 जानेवारी

विद्यापीठ रस्त्यावरची मेस. इथली गर्दी अभ्यासिकेतल्या मुलांची. राज्यसेवा, पोलीस भरती, तलाठी अशा परीक्षा देणारी ही मुलं. यांच्या फोनवर रील्स क्वचितच, चालू घडामोडींचे व्हिडिओ जास्त, तेही दीडपट किंवा दुप्पट वेगानं. एका मुलाशी जेवणानंतर बाहेर उभं राहून बोललो. गाव भुदरगड तालुक्यात, वडिलांची थोडी शेती, तीन वर्षं झाली इथं येऊन. म्हणाला, "जेवायला अर्धा तास गेला तर तेवढा एक टॉपिक मागं पडतो. घरची पैसे पाठवत्यात. नुसतं जेवत बसलं की मनाला लागतं."

हे ऐकून मला वाईट वाटलं. त्यात त्या मुलाचा काही दोष नाही. जेवायला बसणं हा अपराध वाटावा इतका ताण या पोरांवर आहे. याला "मोबाईलचं व्यसन" म्हणणं चुकीचं आहे. तक्त्यात यांच्यासाठी वेगळा रकाना केला: अभ्यास.

हात धुवायच्या नळापाशी आज एक प्रश्न विचारून बघितला: "आज भाजी कसली होती?" व्हिडिओ बघत जेवलेले बरेच जण अडखळले. एक म्हणाला, "कसली तरी सुकी होती." मटकी होती.

13 जानेवारी, भोगी

आजची नोंद मोठी होणार.

मेसच्या मावशींनी भोगीची मिसळीची भाजी केली होती: वांगं, गाजर, घेवडा, ओला हरभरा, पावटा, शेंगदाणे, वरून तिळाचं कूट. बरोबर तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. ताट समोर आल्या आल्या जवळपास प्रत्येकानं फोन काढला. मी मनात म्हटलं, झालं सुरू. पण पोरं फोटो काढून घरी पाठवत होती. दोन मिनिटांत उलट फोटो यायला लागले: सांगोल्याहून, गडहिंग्लजहून, चिक्कोडीहून आयांनी पाठवलेली ताटं. मग फोन टेबलावर फिरायला लागले. "बघ की, आमच्यात राळ्याचा भात असतोय आजच्याला." "तुमच्यात भाकरी एवढी जाड?" सीमाभागातल्या एका पोरानं थेट आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मावशींच्या हातात दिला. दोघी बायका एकमेकींना पहिल्यांदाच बघत होत्या, आणि पाच मिनिटं भाजीत गूळ घालायचा की नाही यावर बोलल्या. सगळं टेबल ऐकत होतं.

माझ्या पद्धतीनं बघितलं तर आजचा दिवस सगळ्यात वाईट: पूर्ण वेळ "फोन हातात". आणि गेल्या दहा दिवसांत इतकं बोलणं त्या टेबलावर झालं नव्हतं. तक्त्यात चौथी खूण जोडली: फोन दोघांच्या मध्ये. पडदा दुसऱ्याला दाखवणं आणि पडद्यामागे बसणं या वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकाच खुणेत बसवता येणार नाहीत.

14 जानेवारी

संक्रांत. मेस बंद. मामांनी तिळगूळ दिला.

17 जानेवारी

सहकारीची मुलींच्या बाजूची नोंद आली. तिच्याच शब्दांत थोडी उतरवतो.

वसतिगृहाच्या मेसमध्ये मुली गटानं जेवायला येतात, फोन असतात पण मध्ये ठेवलेले. खरा फरक बाहेरच्या खाणावळीत दिसतो. नोकरी करणारी एकटी मुलगी आली की ती आधी फोन काढते, मग ताट मागवते. एकीनं सांगितलं, "मी काही बघत नसते. कानात हेडफोन असतात, त्यात गाणंही नसतं. फोन हातात असला की कोण बोलायला येत नाही, आणि कोण बघत असलं तरी मला वर बघावं लागत नाही." आमच्या खाणावळींत मुलीनं एकटं बसून जेवणं अजूनही लोकांच्या नजरेत येतं. तिला निवांत जेवता यावं अशी जागा आपण देऊ शकत नाही, तोवर तिच्या हातातल्या फोनबद्दल बोलायचा कुणाला काय अधिकार आहे?

हे वाक्य सहकारीनं अहवालात जसंच्या तसं हवं म्हणून सांगितलं आहे. मी सहमत आहे.

20 जानेवारी

वाचनाचा दिवस. तीन अभ्यास कामाचे निघाले.

पहिला ब्राझीलचा, 2019 साली प्रसिद्ध झालेला. 18 ते 28 वयाच्या 62 जणांना वेगवेगळ्या वेळी तीन प्रकारे खायला बसवलं: काहीही हातात नसताना, स्मार्टफोन वापरताना आणि छापील मजकूर वाचताना. लक्ष दुसरीकडे असताना पोटात गेलेले उष्मांक सुमारे 15 टक्क्यांनी वाढले. फोनइतकाच छापील कागदाचाही परिणाम झाला, हे मला महत्त्वाचं वाटतं. पूर्वी पेपर वाचत जेवणाऱ्या वडीलधाऱ्यांना कुणी बोल लावला नाही.

दुसरा ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाचा, 2011 चा. काही जणांना संगणकावर पत्त्यांचा खेळ खेळत नऊ पदार्थांचं जेवण दिलं, काहींना नुसतं. खेळणाऱ्यांना पोट कमी भरल्यासारखं वाटलं, अर्ध्या तासानं त्यांनी बिस्किटं जास्त खाल्ली, आणि कोणता पदार्थ कशानंतर खाल्ला हे त्यांना नीट सांगता आलं नाही. नळापाशी विचारलेल्या माझ्या प्रश्नाचं उत्तर इथं मिळालं. काय आणि किती खाल्लं याची आठवण पुढच्या भुकेवर परिणाम करते. मटकी न आठवणारा पोरगा रात्री अकराला वडापावच्या गाड्यावर का दिसतो, हे थोडं समजतं.

तिसरा कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा, 2018 चा. तीनशेहून जास्त लोक आपल्या मित्रांबरोबर किंवा घरच्यांबरोबर बाहेर जेवायला गेले. काही गटांचे फोन टेबलावर राहिले, काहींचे बाजूला ठेवून घेतले. टेबलावर फोन असलेल्यांचं लक्ष जास्त विचलित झालं आणि जेवणाचा आनंद थोडा कमी वाटला. फरक मोठा नव्हता, पण होता. मात्र त्या सगळ्यांबरोबर त्यांची माणसं होती. आमच्या मेसमधली पोरं एकटी येतात. त्यांच्याकडून फोन काढून घेतला तर समोर राहते ती भिंत. हा फरक परदेशी अभ्यास इथं लावताना विसरून चालणार नाही.

संध्याकाळी अभ्यासिकेत आयुर्वेदाच्या एका विद्यार्थ्यानं चरकसंहितेतला विमानस्थान हा भाग दाखवला. जेवणाच्या नियमांत तिथं "अजल्पन्, अहसन्, तन्मना भुञ्जीत" असं आहे: न बोलता, न हसता, मन लावून जेवावं. म्हणजे चरकांच्या मते गप्पाही नकोत. मी गप्पांच्या बाजूचा आहे, हे इथं स्पष्ट लिहितो. पोट आणि सोबत या दोन वेगळ्या गरजा आहेत. घर सोडून आलेल्या पोराला दुसरीची भूक जास्त असते, असं मला रोज दिसतंय.

24 जानेवारी

दसरा चौकातून चालत आलो. आसपास जुन्या बोर्डिंगच्या इमारती अजून उभ्या आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात केली, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं, आणि एकेक करत अनेक समाजांच्या मुलांची शिक्षणासाठी राहायची-जेवायची सोय या गावात झाली. बोर्डिंगं मात्र जातवार होती. एकत्र खाणंपिणं ही पुढची, जास्त अवघड लढाई. अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना महाराजांनी चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथला चहा घेतला, तेव्हा तो चहा म्हणजे सगळ्या गावाला दिलेलं उत्तर होतं.

हे मला प्रकल्पाबाहेरचं वाटत नाही. मामांच्या मेसमध्ये एका बाकावर कोण कुठल्या समाजाचा हे कुणी विचारत नाही. शंभर वर्षांपूर्वी अशक्य असलेली पंगत आज इथं रोज बसते. पण बसणारे एकमेकांशी बोलत नाहीत, नाव विचारत नाहीत. शेजारी बसण्याचा हक्क मिळवायला इतकं सोसलेल्या गावात शेजारी नुसता बसलेला असणं मला पुरेसं वाटत नाही.

27 जानेवारी

मामांनी स्वतःहून विचारलं, "मग फलक लावू काय, जेवताना मोबाईल बंद?" मी नको म्हणालो. पैसे फोनवरून द्यायचे, घरून फोन याच वेळी येतो, डिलिव्हरीचं काम करणाऱ्या पोराला ऑर्डर सुटली तर पैसे बुडतात. त्यांनाच फलकाचा त्रास होईल.

त्याऐवजी दोन बदल सुचवले. भिंतीकडे तोंड करून खायची लांब फळी आहे, तिथली बाकं काढून टेबलाला समोरासमोर लावायची. आणि रात्रीच्या जेवणाला आमटी-भात टोकाला न ठेवता रविवारसारखा वाढपी फिरवायचा. मामा थोडे साशंक होते. म्हणाले, "पोरं बोलत बसली तर दुसरी बॅच उभी राहील." रास्त मुद्दा आहे. एक आठवडा करून बघू म्हणाले. मी एक विनंती केली: फळीवरच्या दोन जागा तशाच ठेवा. कुणाला एकटं बसायचं असेल तर बसता यावं.

1 फेब्रुवारी

पहिल्या रात्री विशेष काही नाही. दुसऱ्या रात्रीपासून वाढपी पोरगा सरावला. मूळचा राधानगरीचा, बोलका. आमटीची बादली घेऊन फिरताना प्रत्येकाला काहीतरी विचारतो: "पेपर कसा गेला?" "कालच्याला आला न्हाईस?" एकानं ताटातून वर बघितलं, की शेजारचाही बघतो.

फोन गेले नाहीत. ताटाजवळ आहेत, मधूनमधून बघितले जातात. पण हातात धरून बसणं रात्रीच्या वेळी स्पष्ट कमी झालं. जेवण लांबलं. जास्त बोलणं वाढण्यावरून आणि गावांवरून. एका टेबलावर दोन पोरं एकाच तालुक्यातली निघाली, वर्षभर एकाच मेसमध्ये जेवत असून त्यांना ठाऊक नव्हतं.

फळीवरच्या दोन जागा रोज भरलेल्या असतात. त्यातला एक मुलगा म्हणाला, "दिवसभर कॉलसेंटरला बोलतोय. जेवताना कोण काय विचारू नये असं वाटतं." त्याचं म्हणणं अहवालात जाणार.

4 फेब्रुवारी

मामांची शंका खरी ठरली. साडेआठला दुसरी बॅच दारात उभी, आणि आतली पोरं रिकाम्या ताटावर बोटं वाळवत गप्पा मारतायत. दोघं-तिघं कंटाळून शेजारच्या मेसला गेले. मेस चालवणाऱ्याचं पोट या खुर्च्या फिरण्यावर आहे, ते विसरून सल्ला देता येत नाही. ठरलं असं: गर्दीच्या वेळी आधीसारखंच वाढून घ्यायचं, नऊनंतरच्या शेवटच्या पंगतीला वाढपी फिरवायचा.

मावशी म्हणाल्या की या आठवड्यात भात कमी वाया गेला. वाढपी विचारून घालतो, आणि एरवी पोरं पडद्याकडं बघत ताटात ढीग ओढतात. हे मोजलेलं नाही, त्यांचा रोजचा अंदाज आहे. पण भात त्याच शिजवतात आणि खरकटंही त्याच काढतात, म्हणून मी तो गंभीरपणे घेतो.

9 फेब्रुवारी, रविवार

मंगळवार पेठेजवळच्या एका तालमीत गेलो. पैलवान पोरं पाळीपाळीनं स्वयंपाक करतात आणि खाली मांडी घालून एकत्र जेवतात. वस्ताद समोर बसलेले, फोन खुंटीवरच्या पिशव्यांत. मला वाटलं, वस्तादांच्या धाकानं. पण त्यांना कामासाठी बाहेर जावं लागलं, तरी फोन पिशव्यांतच राहिले. विचारल्यावर एक जण म्हणाला, "आज भाकरी मी केल्यात. कशा झाल्यात ते ऐकायचंय मला." स्वयंपाक करणारा पंगतीत बसलेला असतो, हा मेसपेक्षा मोठा फरक आहे. मेसमध्ये मावशी आत असतात, गॅसपाशी, आणि खाणाऱ्याला त्यांचा चेहरा दिसत नाही.

13 फेब्रुवारी

अहवालाचा मसुदा सरांकडे दिला. शिफारशींत फोनवर बंदी नाही. आहे ते असं: निदान शेवटच्या पंगतीला वाढणारा माणूस असावा, बाकं समोरासमोर असावीत, पण एकट्याची जागाही राहू द्यावी, एकट्या मुलींना निवांत बसता येईल असा कोपरा खाणावळींनी ठेवावा, अभ्यासिकांनी दुपारी एकाच वेळी सुट्टी द्यावी, म्हणजे जेवायला बसणं हे मागं पडणं वाटणार नाही. शेवटच्या शिफारशीवर सरांनी "हे कोण ऐकणार?" असं लिहिलं आहे. ती मी काढणार नाही. भुदरगडच्या त्या मुलाशी बोलल्यानंतर ती काढणं मला जमणार नाही.

पुढच्या आठवड्यात एका वसतिगृहाच्या मेस कमिटीपुढे मांडणी आहे. तिथं खणांच्या स्टीलच्या ताटात खिडकीतून एकदाच वाढून मिळतं, आणि पुन्हा हवं तर पुन्हा रांगेत उभं राहायचं. त्यांच्याकडे दोन वाढपी ठेवायला पैसे आहेत का, आणि नसतील तर मुलांनी पाळीनं वाढायचं का, हे दोन प्रश्न घेऊन जातोय. मामांनी सोबत त्यांचा वाढपी पोरगा पाठवायचं कबूल केलंय, बादली घेऊन कसं फिरायचं ते दाखवायला.